बादलीतला फोन आणि डब्यातलं कार्ड

मामांचा फोन पाण्याच्या बादलीत पडला तो रविवारी संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सोमवार, म्हणजे करोल बागेचा बाजार बंद. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाला आपापला उपाय करून बघायला पूर्ण दीड दिवस मिळाला, आणि खरं नुकसान त्याच दीड दिवसात झालं.

मामींनी फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. हा उपाय कुणी काढला कोण जाणे, पण प्रत्येक घरात तो असतोच. त्याने फोन सुकत नाही, फक्त चार्जिंगच्या भोकात तांदळाची पावडर जाते. रात्री मामेभावाने फोन बाहेर काढला, फडक्याने पुसला आणि "सुकला असेल आता" म्हणत चार्जरला लावला. आत अजून पाणी होतं. जळका वास आला आणि मगाशी निदान थरथरणारा फोन कायमचा गप्प झाला.

वाचकहो, एवढं मात्र आधीच सांगून ठेवते. भिजलेला फोन लगेच बंद करा आणि दुरुस्तीवाल्याकडे जाईपर्यंत चार्जरला लावू नका. पाण्याने जेवढे फोन मरत नाहीत, तेवढे पाणी असताना दिलेल्या विजेने मरतात.

आता मामांविषयी. आमचे मामा गलाईवाले. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातली माणसं दुष्काळाला कंटाळून गाव सोडून देशभर गेली आणि सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरली. आज कितीतरी शहरांच्या सराफ बाजारात, मागच्या गल्लीत, सांगलीकडची मराठी बोलणारी एखादी भट्टी सापडते. करोल बागेत बीडनपुरा, रेगरपुरा या गल्ल्यांत बंगाली कारागीर दागिने घडवतात आणि आमच्या विट्याकडची माणसं सोनं गाळतात. जुना दागिना मुशीत घालायचा, टाकणखार टाकून वितळवायचा, तेजाबाने शुद्ध करायचा, टंच काढायचा, लगड पाडायची. कारागिराच्या खोलीतला केर आणि हात धुतलेलं पाणीसुद्धा वाया जात नाही, त्यातूनही सोन्याचा कण निघतो. पूर्वी आपल्याकडे झारेकरी हेच काम करायचे.

तापलेली लगड थंड करायला ठेवलेल्या बादलीवर मामा वाकले आणि शर्टाच्या वरच्या खिशातून फोन आत गेला.

मामांना फोनची हळहळ नव्हती, आतल्या फोटोंची होती. गिऱ्हाईक माल घेऊन आलं की ते माल वजनकाट्यावर ठेवून आकड्यासकट फोटो काढतात, मग टंच मशीनच्या चिठ्ठीचा. वही असतेच, पण वहीवर वाद होतो, फोटोवर होत नाही. त्याच आठवड्यात एका जुन्या कारागिराशी अकरा ग्रॅमवरून बोलाचाली झाली होती. अकरा ग्रॅम म्हणजे आजच्या भावाने लाखाच्या वरची गोष्ट. पण मामांना पैशापेक्षा नावाची काळजी. "चाळीस वर्षांत कुणी बोट दाखवलं न्हाई," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

गफार मार्केटमध्ये मंगळवार

मंगळवारी सकाळी मामा आणि मी गफार मार्केटला गेलो. खान अब्दुल गफार खान यांच्या नावाचा हा बाजार मामांच्या भट्टीपासून चालत जाण्याएवढा. मोबाइल दुरुस्तीत याच्याइतकं नाव दिल्लीत दुसऱ्या बाजाराचं नाही.

पहिल्या दुकानात फोन हातात न घेताच भाव सांगितला. बोर्ड बदलू, फोन नवा होईल. "आणि आतले फोटो?" असं विचारल्यावर तो माणूस माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू मी रद्दीवाल्याला पेपरातल्या बातम्या परत मागतेय. दुसऱ्याने खरं ते सांगितलं, हे काम माझं नाही. तिसरा वरच्या मजल्यावर, दोन माणसांच्या खोलीत, सूक्ष्मदर्शकावर डोळे लावून बसलेला. त्याने आधी विचारलं, "फोन चाहिए या डेटा?" मामा म्हणाले, डेटा. "फिर टाइम लगेगा."

मला वाटत होतं, मेमरीची चिप काढून दुसऱ्या फोनला लावली की झालं. त्याने मान हलवली. जुन्या फोनमध्ये तसं व्हायचं. आता फोन जे काही साठवतो ते कुलूपबंद करून साठवतो आणि किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरमध्ये असते. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून नव्या फोनना हे सक्तीचं झालं. नुसती मेमरी चिप काढली तर हातात फक्त गोंधळ येतो. म्हणून एक तर तोच बोर्ड जिवंत करायचा, नाहीतर प्रोसेसर आणि मेमरी दोन्ही उचलून त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बोर्डावर बसवायची. हे दुसरं काम तांदळाच्या दाण्यावर नाव लिहिण्यासारखं.

नशिबाने पहिल्यातच भागलं. चार्जर लावल्यावर वीजपुरवठ्याच्या वाटेवरचा खसखशीएवढा एक भाग शॉर्ट झाला होता. त्याने तो काढला, दुसरा बसवला, बोर्ड साफ केला. साडेतीन तासांनी फोन जागा झाला. बॅटरी बाहेरून जोडलेली, स्क्रीन दुसऱ्या फोनची. त्याने आधी सगळे फोटो बाहेर काढले आणि मगच चहा मागवला.

अकरा ग्रॅमचा फोटो सापडला. चूक कारागिराचीही नव्हती आणि मामांचीही. दोन वेगवेगळ्या दिवशी आलेला माल दोघांनी एकत्र धरला होता. संध्याकाळी तो कारागीर येऊन जिलबी ठेवून गेला.

घरी येताना मामांनी विचारलं, "अगं पोरी, माझा एक फोन पडला तर एवढी धावपळ. बँकेचा डबा बादलीत पडला तर? तिथं तर लाखो लोकांचा हिशेब."

प्रश्न इतका सरळ होता की त्याचं उत्तर नीट द्यावं असं वाटलं. या वेळचा स्तंभ त्या उत्तराचाच.

पाझरणारा माठ

फोन, मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह, लॅपटॉपची एसएसडी आणि बँकेच्या डेटा सेंटरमधलं कपाटाएवढं यंत्र, या सगळ्यांच्या पोटात आज बहुधा एकाच जातीची चिप असते. तिचं नाव फ्लॅश. जपानच्या तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी ती शोधली आणि 1984 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत जगापुढे मांडली. अख्खा भाग एका झटक्यात पुसला जातो, ते पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, म्हणून हे नाव. मासुओकांना मात्र योग्य मोबदल्यासाठी आपल्याच जुन्या कंपनीवर खटला भरावा लागला. 2006 मध्ये 8 कोटी 70 लाख येनवर तडजोड झाली. जगाच्या खिशाखिशात ज्याचा शोध आहे त्याच्या मानाने ही रक्कम मला तरी चिल्लर वाटते.

या चिपचं मूळ त्याहून जुनं. 1967 मध्ये अमेरिकेच्या बेल लॅबमध्ये डॉन कांग आणि सायमन झी या दोघांनी इलेक्ट्रॉन कोंडून ठेवणारा थर सुचवला. जेवणानंतरच्या थराथराच्या केकवरून ही कल्पना निघाली, असं सांगतात.

माठ डोळ्यांपुढे आणा. फ्लॅशच्या चिपमध्ये असे अब्जावधी अतिसूक्ष्म माठ असतात. पाण्याऐवजी त्यांत इलेक्ट्रॉन. सुरुवातीच्या चिपमध्ये प्रश्न साधा होता, माठ भरलेला की रिकामा? त्यावरून एक किंवा शून्य. मग कंपन्यांनी स्वस्ताईसाठी माठाच्या आत खुणा केल्या. आठ पातळ्या ओळखता आल्या की एका माठात तीन अंक मावतात, सोळा ओळखल्या की चार. आजचे फोन याच मार्गाने स्वस्त झाले. पण खुणा जितक्या जवळ, तितका थोडासा पाझरही घातक. सातवरची पातळी सहावर आली की एक अंक बदलला.

आणि माठ पाझरतोच. वीज बंद असतानाही इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतात, उष्णतेत अधिक लवकर. शिवाय प्रत्येक वेळी भरताना आणि रिकामं करताना त्यांना भिंतीतून जबरदस्तीने ढकलावं लागतं, त्यामुळे भिंत झिजते. एका पातळीच्या जुन्या महागड्या चिपला अशा सुमारे एक लाख फेऱ्या सोसत. आठ पातळ्यांच्या आजच्या चिपला हजार ते तीन हजारांच्या आसपास.

आणखी एक खोड. यात लिहिताना एकेक पान लिहिता येतं, पण पुसताना अख्खी वही पुसावी लागते. म्हणून फोन जुन्या जागी कधी खाडाखोड करत नाही. नवी मजकूर-पानं दुसरीकडे लिहितो आणि जुनी "रद्द" म्हणून लक्षात ठेवतो. मग तुम्ही झोपलेले असता तेव्हा कामाची पानं बाजूला काढून रद्द वही पुसून टाकतो. चुकून डिलीट केलेला फोटो काही वेळाने कुणालाच परत आणता येत नाही, त्याचं हेही एक कारण.

या चिपचा दिल्लीशीही एक धागा आहे. कानपूरला जन्मलेला आणि दिल्लीच्या सरदार पटेल विद्यालयात शिकलेला संजय मेहरोत्रा हा मुलगा बर्कलीला शिकायला निघाला, तेव्हा त्याचा व्हिसा तीनदा नाकारला गेला. शेवटी वडिलांनी अधिकाऱ्याशी बोलून त्याला पटवलं. याच मेहरोत्रांनी 1988 मध्ये एली हरारी आणि जॅक युआन यांच्यासोबत सॅनडिस्क कंपनी काढली. 1991 मध्ये त्यांनी फ्लॅशची पहिली ड्राइव्ह विकली. क्षमता 20 एमबी, किंमत हजार डॉलरच्या घरात. आज फोनच्या दोन-चार फोटोंत ती भरून जाईल. गफार मार्केटच्या टपरीवर जे कार्ड चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळतं, त्यामागे इतकी मोठी चाल आहे.

फोनची चिप, बँकेचं काम

बँकांकडे वर्षानुवर्षं हार्ड डिस्क होत्या. ग्रामोफोनच्या तबकडीसारखी फिरणारी चकती आणि तिच्यावर सरकणारी सुई. वेगवेगळ्या जागची माहिती मागितली तर चांगल्यातली चांगली डिस्कही सेकंदाला शंभर-दोनशे वेळाच देऊ शकते. फ्लॅशला सुई नाही, म्हणून ती हजारो-लाखो वेळा देते. भाजीवाल्याचा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर "पेमेंट झालं" हा आवाज यायला दोन सेकंद लागतात. तेवढ्यात मागे कितीतरी नोंदी वाचल्या-लिहिल्या जातात. तिथे ही सुई अडते.

मग सगळ्यांनी आधीच फ्लॅश का घेतली नाही? महाग होती, आणि झिजते म्हणून तिच्यावर भरवसा नव्हता. मोठ्या यंत्रांसाठी खास टिकाऊ चिप वापरायची रीत होती आणि ती आणखी महाग.

2009 मध्ये कॅलिफोर्नियात जॉन कोलग्रोव्ह आणि जॉन हेज यांनी प्युअर स्टोरेज नावाची कंपनी काढली. कोलग्रोव्ह हे व्हेरिटास या साठवणुकीच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या सुरुवातीच्या अभियंत्यांपैकी. व्हेरिटासचं मोठं केंद्र आपल्या पुण्यात होतं, तिथून बाहेर पडलेली मंडळी आज याच क्षेत्रात ठिकठिकाणी भेटतात. प्युअरच्या या जोडीने उलटा विचार केला. खास चिप कशाला? फोन आणि कॅमेऱ्यात जाते तीच साधी, स्वस्त चिप घेऊ. ती झिजणार, चुकणार, हे धरूनच चालू आणि सांभाळायचं काम सॉफ्टवेअरला देऊ.

गलाईवाल्याला हे लगेच पटतं. मामा म्हणाले, "म्हंजे कमअस्सल माल घ्यायचा, पण टंच आपल्या हातात ठेवायचा."

मग हे सांभाळणं कसं? पहिली गोष्ट, एकसारखी माहिती एकदाच ठेवायची. तुमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर काकांनी पाठवलेलं "शुभ सकाळ" चाळीस फोनमध्ये चाळीस जागा खातं. हे यंत्र ते एकदाच ठेवतं आणि बाकी एकोणचाळीस ठिकाणी "तिकडे पाहा" अशी चिठ्ठी. कार्यालयांमध्ये हजारो संगणकांवर तीच प्रणाली, त्याच फायली असतात, त्यामुळे जागेची फार बचत होते. उरलेलं दाबून लहान केलं जातं. अशा रीतीने महागडी फ्लॅश डिस्कच्या भावाच्या जवळ आली. आणि कमी लिहायचं म्हणजे झीजही कमी, हा दुहेरी फायदा.

दुसरी गोष्ट, तुकडे पसरवून ठेवायचे. एका ड्राइव्हवर पूर्ण भरवसा नाहीच. माहितीसोबत थोडं गणित ठेवलेलं असतं, म्हणजे एकाच वेळी दोन ड्राइव्ह गेल्या तरी उरलेल्यांवरून हरवलेलं परत काढता येतं. बिघडलेली ड्राइव्ह यंत्र चालू असतानाच ओढून काढतात आणि नवी खोचतात, बँकेच्या गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही.

तिसरी मला सर्वांत आवडलेली. यंत्र स्वतःच सारखं आतल्या माठांची पाहणी करत असतं. पातळी उतरत चालली असं दिसलं की वाचता येतंय तोवरच माहिती दुसऱ्या माठात ओतून ठेवतं. कुणी मागेपर्यंत वाट पाहत नाही.

कंपनीचं पहिलं यंत्र 2011 मध्ये जाहीर झालं आणि ऑक्टोबर 2015 मध्ये ती न्यूयॉर्क शेअर बाजारात उतरली. विक्रीची तऱ्हाही वेगळी. पूर्वी दर काही वर्षांनी जुनं कपाट फेकून नवं विकत घ्यायचं आणि सगळी माहिती रात्री जागून हलवायची. यांनी वर्गणी ठेवली, यंत्राचे भाग काम न थांबवता बदलत राहायचे. 2022 मध्ये फेसबुकवाल्या मेटा कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जो महासंगणक जाहीर केला, त्यात या कंपनीची एका प्रकारची यंत्रं 175 पेटाबाइट क्षमतेची होती. 128 जीबीचे साडेतेरा लाखांहून जास्त फोन एकत्र केले तर तेवढी जागा होईल.

एक खुलासा मात्र करायला हवा, कारण जाहिरातींत तो नसतो. तुमचे क्लाउडवर गेलेले लग्नाचे अल्बम बहुतेक करून आजही फिरत्या हार्ड डिस्कवरच असतात. ढीगभर माहिती स्वस्तात ठेवायला अजून तीच परवडते. फ्लॅश लागते ती जिथे क्षणाचा उशीर चालत नाही तिथे.

आणि वेगाइतकाच दुसरा धोका आहे, चोरांचा. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर हल्ला झाला. माहिती कुलूपबंद करून ठेवणारा हा प्रकार. सुमारे दोन आठवडे नोंदणी, अहवाल, बिलं यांतलं बरंच काम हाताने करावं लागलं. मामांच्या गल्लीतल्या एकाची तपासणीची तारीख तेव्हाच होती, कागद हातात धरून रांगेत उभं राहिल्याचं तो अजून सांगतो. अशा वेळी नुसती दुसरी प्रत पुरत नाही, कारण चोर आत शिरला की आधी प्रतीच पुसतो. म्हणून या कंपन्या ठरावीक वेळाची एक गोठवलेली प्रत ठेवतात, जी ठरलेल्या मुदतीपर्यंत खुद्द यंत्राच्या मालकालाही एकट्याने पुसता येत नाही. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या असतात ना, तसंच.

शिवणाच्या डब्यातलं कार्ड

मी हे सगळं मामांना सांगत असताना मामी भाकरी थापत ऐकत होत्या. हात पुसून त्या आत गेल्या आणि शिवणाचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. बटणं, रिळं, आणि तळाशी नखाएवढं मेमरी कार्ड.

"ह्यात आत्यांच्या ओव्या हाईत."

आत्या म्हणजे मामींच्या सासूबाई, माझी आजी. 2016 च्या उन्हाळ्यात गावी गेल्यावर मामींनी जुन्या फोनवर तिच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. सात फायली. पुढच्याच वर्षी आजी गेली. तो फोन बिघडला, कार्ड काढून डब्यात ठेवलं गेलं. डबा माळ्यावर, वर थेट गच्चीचा स्लॅब. दिल्लीच्या मे-जूनमध्ये त्या माळ्यावर हात ठेववत नाही.

माझ्या पोटात गोळा आला, कारण नुकताच मी वाचलेला एक नियम आठवला. एसएसडीसाठी जेडेक या संस्थेचं मानक आहे. लिहिण्या-पुसण्याची पूर्ण क्षमता वापरून झालेली घरगुती ड्राइव्ह वीज नसताना 30 अंशांना एक वर्ष माहिती टिकवू शकली पाहिजे आणि मोठ्या यंत्रांची 40 अंशांना फक्त तीन महिने. तीन महिने, बँकेच्या ड्राइव्हचे! कारण ती कधी बंद राहणारच नाही असं गृहीत आहे. नवी, कमी वापरलेली चिप याहून खूप जास्त टिकते हे खरं, पण मेमरी कार्डाच्या पाकिटावर असा एखादा आकडा छापलेला मी कधी पाहिला नाही.

कार्ड लॅपटॉपला लावलं. सातपैकी चार फायली पूर्ण वाजल्या. पाचवी मध्येच खरखर करत थांबली. दोन उघडल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी गफार मार्केटच्या त्याच खोलीत गेलो. त्याने दोन तास प्रयत्न करून पाचवीचा आणखी थोडा भाग काढून दिला आणि पैसे घेतले नाहीत. उरलेल्या दोन त्याच्याकडूनही निघाल्या नाहीत.

माझे मामा राखेतून सोनं काढणारे. कार्डाच्या कडेचे पिवळे पट्टे बोटाने चाचपत म्हणाले, "ह्यातलं सोनं मी आत्ता काढून देतो, कण का असंना. आईचा आवाज कुठल्या तेजाबानं काढू?"

मग मामींना आठवलं. रेकॉर्ड केल्यावर त्यांनी एक ओवी विट्याच्या नणंदेला व्हॉट्सअॅपवर पाठवली होती. मावशीला फोन केला. मावशीने दरवेळी फोन बदलताना दुकानदाराकडून सगळं नव्यात भरून घेतलेलं. शोधायला अर्धा तास लागला. घंटीच्या आवाजाने संदेश आला, आणि तो उघडताच आजी जात्याच्या घरघरीत गायला लागली. सहावी फाइल. मामींच्या कार्डावर न उघडलेल्या दोनांपैकी एक.

कंपनी ज्यासाठी कोटींची यंत्रं विकते तेच मावशीने नकळत केलं होतं. दुसऱ्या गावी दुसरी प्रत, आणि ती अधूनमधून नव्या चिपवर उतरवलेली.

त्या रात्री आम्ही बसून घरची व्यवस्था लावली. मामांचे धंद्याचे फोटो आता रोज रात्री आपोआप क्लाउडवर जातात. पण क्लाउडची एक गोम आहे, फोनमधून डिलीट केलं की बहुतेक ठिकाणी वरूनही जातं. ती प्रत नव्हे, आरसा. म्हणून महिन्यातून एकदा, शक्यतो बाजार बंद असलेल्या सोमवारी, मामेभाऊ सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ती केबल काढून कपाटात ठेवतो. केबल काढायची हे महत्त्वाचं, म्हणजे चोर किंवा विजेचा झटका तिथवर पोचत नाही. घरातले जुने पेन ड्राइव्ह आणि कार्डं आम्ही एकेक करून उघडली. त्यांना नुसतं संगणकाला जोडून परत ठेवण्यात अर्थ नाही. आतल्या फायली उघडून पाहायच्या आणि नव्या जागी उतरवून घ्यायच्या. माळ्यावर आता काही ठेवत नाही.

सगळ्यात शेवटी ओव्यांचं फोल्डर केलं. सहा फायली. सातवीची जागा रिकामी.

"सातवी कुठली होती?" मी विचारलं.

मामी थोडा वेळ थांबल्या. "पहाटेची. माहेरची वाट."

मामा दाराकडे तोंड करून बसले होते. मी त्यांना आयुष्यात कधी गाताना ऐकलेलं नाही. भट्टीपुढे चाळीस वर्षं बसून त्यांचा आवाज खरखरीत झालाय. त्यांनी खाली बघत पहिली ओळ म्हटली, लहानपणी आईच्या मांडीवर डोकं ठेवून जात्याशेजारी निजायचे तेव्हाची. दुसरी चुकली. मामींनी दुरुस्त केली. तिसऱ्या ओळीला दोघं एकत्र होते, आणि मी तोवर फोन समोर ठेवून लाल बटण दाबलं होतं. चौथीला मामा अडखळले, पुन्हा सुरुवातीपासून गेले.

रेकॉर्डिंग संपलं तेव्हा भाकऱ्या गार झाल्या होत्या.

"किती ठिकाणी ठेवलंस?" मामांनी विचारलं.

"तीन."

"विट्याला?"

"पाठवतेय."

"आधी पाठव," ते म्हणाले, "मग जेवाय बसू."